धुक्यावर जगणारें वाळवंट

वाळवंट म्हटलें कीं अंगाची लाही, अशी आपली ठाम समजूत असते. नैर्ऋत्य आफ्रिकेंतील नामिबिया देशाचें स्वाकोपमुंड हें सागरतीरींचें विश्रामस्थान तिला अपवाद आहे. १८९२ सालीं जर्मनांनीं वसविलेल्या या गांवाच्या पाठीशीं नामिब वाळवंट व पुढें अटलांटिक महासागर. डिसेंबर-जानेवारी म्हणजे तेथील ऐन उन्हाळा. पण राजधानी विंडहुक येथील मंडळी तेव्हां गारव्यासाठीं येथें धांव घेतात. पारा सहसा २५ अंश सेंटिग्रेडच्या फारसा वर जात नाहीं.

ही किमया बेंग्वेला नामक शीत सागरप्रवाहाची. त्याच्या योगानें पाण्यालगतची हवा थंड व जड राहते. ती वर चढत नाहीं, आणि म्हणून पर्जन्यहि नाहीं. वर्षाचा पाऊस २० मिलिमीटरसुद्धां भरत नाहीं. मात्र वर्षांतून शंभराहून अधिक दिवस दाट धुकें पसरतें. उत्तरेकडील ‘सांगाड्यांच्या किनाऱ्या’वर याच धुक्यांत जहाजें फुटलीं, आणि याच धुक्यावर एक काळा भुंगा जगतो. वाळूच्या माथ्यावर तो जणूं शीर्षासन करतो व पाठीवरून ओघळलेले थेंब पितो.

हिवाळ्यांत मात्र उलटाच प्रकार! पूर्वेचा वारा पठारावरून उतरतां उतरतां दाबला जाऊन, दर १०० मीटरांस सुमारें १ अंश तापतो. अशा दिवशीं जून-जुलैंतहि पारा तिशी ओलांडतो.

तेव्हां तेथें जाणाऱ्यानें पंचांगावर विसंबूं नये. उन्हाळ्यांत लोकरीचा सदरा जवळ असावा, आणि हिवाळ्यांत सुती!