भेगाळलेल्या हातांना काय लावायचं?

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं आणि माहेरच उठून बेळगावहून बडोद्याला गेलं! जावई रेल्वेत, त्यामुळे मुक्काम प्रतापनगरला. गायकवाडांच्या काळातली डभोईची छोटी गाडी इथूनच सुटायची. आता ब्रॉडगेज झालं आणि २०२१ पासून इथून केवडियालाही गाडी जाते. आजूबाजूला मराठी घरं बरीच, त्यामुळे गाव परकं वाटलं नाही. परकी वाटली ती तिथली डिसेंबरातली कोरडी हवा.

बाळ आलं आणि माझे हात सतत पाण्यात. लंगोट, दुपटी, भांडी. बाळाला घेण्याआधी कडक पाण्याने साबण लावून हात धुणं, वर जंतुनाशकाचे थेंब. पंधरा दिवसांत बोटांना भेगा पडल्या. मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. एका सकाळी मालिश करताना माझं खरखरीत बोट बाळाच्या पाठीला घासलं आणि ते कळवळून रडलं. लेक काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मालिशवाल्या बाई आल्या. कशासाठी आले होते मी, असं झालं.

मग बाटल्यांचा बाजार सुरू झाला. लेकीने आपलं सुवासिक लोशन दिलं, लावताच आग. विहीणबाईंनी टाचांना लावतात ते युरियाचं क्रीम दिलं. त्याने तर हात पाण्याखाली धरून बसावं लागलं. जावई एक महागडं क्रीम घेऊन आले, पाठीवरच्या बारीक अक्षरात सुगंधी द्रव्यं. फोनवर आमच्या आईचं एकच, "कोब्बरी एण्णे हच्चव्वा." खोबरेल लाव गं पोरी!

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "हात कशाने धुता?" मग भिंतीचं उदाहरण दिलं. कातडीचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत. विटा म्हणजे पेशी आणि मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. गरम पाणी आणि साबण हा चुना धुऊन नेतात. मग आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचं झोंबणारं आत शिरतं. कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि वडीचा साबण अल्कधर्मी, त्यामुळे भिंत आणखीच खचते.

मॉइश्चरायझर तीन कामं करतात. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. तेलकट घटक खरबरीतपणा मऊ करतात. पेट्रोलियम जेली वर झाकण घालते. ती स्वतः पाणी देत नाही, असलेलं जाऊ देत नाही. म्हणून ती ओलसर हातांवर लावायची. सेरामाइड असलेली क्रीम चुन्याची भर घालतात, पण ती महाग पडतात. लोशनमध्ये पाणी जास्त, क्रीममध्ये कमी आणि मलमात सर्वांत कमी. भेगांना मलम किंवा घट्ट क्रीमच बरं.

युरिया वाईट नाही, मैत्रिणींनो. जाड, कोरड्या टाचांना तो चांगला. पण उघड्या भेगेवर झोंबतो. आईचं खोबरेल डॉक्टरांनी चालेल म्हटलं, मात्र मोहरीचं तेल नको. ऑलिव्हचं तेलही कातडीची भिंत कमकुवत करतं, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं.

मला मिळालं ते साधं: बिनवासाची पेट्रोलियम जेली आणि एक सेरामाइडचं क्रीम. धुणं कोमट पाण्याने, सौम्य बिनवासाच्या साबणाने. हात पुसायचे ते टिपून, आणि ओलसर असतानाच क्रीम. भांड्यांना आत सुती आणि वर रबरी हातमोजे. रात्री भेगांवर जेली आणि वरून सुती मोजे. जंतुनाशक बंद.

निवडताना किंमत किंवा डब्याचं रूप बघू नका. घटक वाचा. "अनसेंटेड" म्हणजे वास जाणवत नाही एवढंच. आत वास झाकणारं द्रव्य असू शकतं. "फ्रॅग्रन्स फ्री" शोधा. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून तीन-चार दिवस बघा. आणि दुकानातून "खाजेची ट्यूब" म्हणून स्टेरॉइडचं मलम आणू नका. सरकारने २०१८ साली अशी चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, कारण मनाने वापरली तर कातडी पातळ होते. भेगेतून पाणी किंवा पू येत असेल, भोवती लाली-सूज असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा.

तीन आठवड्यांनी भेगा मिटल्या. एका सकाळी मालिशवाल्या बाईंना यायला उशीर झाला. लेकीने तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "आई, तूच लाव ना आज." मी आधी स्वतःच्या गालावरून बोटं फिरवून बघितली, मग बाळाला मांडीवर घेतलं. ते रडलं नाही. मालिश होता होता झोपून गेलं.