घरांतील बोलणें आणि कामाची एकाग्रता

“ज्याला खरोखर अभ्यास करावयाचा आहे, त्याच्या कानाशीं नगारे वाजले तरी त्याचें चित्त ढळत नाहीं,” हें वाक्य आपल्या घरांतील वडील मंडळींच्या तोंडीं इतक्या वेळां येतें कीं, तें पडताळून पाहावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ओसरीवर चारचौघे बोलत बसले असतां पुस्तक मिटून उठणारा मुलगा चंचल ठरतो, आणि सूनबाईनें “जरा दार लावून घेऊं का?” असें विचारलें तर ती माणूसघाणी ठरते. मौज अशी कीं, एकसारख्या नादाविषयीं हें वचन पुष्कळसें खरें आहे. माणसांच्या बोलण्याविषयीं मात्र तें मुळींच खरें नाहीं.

१९७६ सालीं कोल आणि वेल्श या संशोधकांनीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं माणसांना एकामागून एक अक्षरें दाखवून तीं त्याच क्रमानें आठवावयास सांगितलें, आणि शेजारीं जर्मन भाषेंतील वाचन चालूं ठेवलें. ऐकणारांना जर्मन येत नव्हतें, तिकडे लक्षहि द्यावयाचें नव्हतें. तरीसुद्धां त्यांच्या चुका वाढल्या. असे प्रयोग पुढें अनेकांनीं केले. त्यांत असें आढळलें कीं, पंख्याच्या घरघरीसारखा एकसुरी आवाज असा त्रास देत नाहीं. उलट बोलणें हलक्या आवाजांत असलें तरी तें जवळजवळ तितकाच घोटाळा करतें. मनांत कांहीं क्रमानें धरून ठेवावयाचें असेल तर आपण तें आंतल्या आंत घोकत असतों. बाहेरचें बोलणें क्षणोक्षणीं स्वर बदलीत तसेंच एकामागून एक येत राहतें, आणि हे दोन क्रम एकमेकांत मिसळूं पाहतात. वाचनाच्या वेळीं तर बोलण्याचा अर्थ कळत असल्यानें आणखी एक विघ्न भर घालतें. तेव्हां “आम्ही हळूच बोलतों, तूं वाच” ही सवलत वाटते तितकी उदार नाहीं!

सरकारचा कायदाहि येथें उपयोगी पडत नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, ती रस्त्यावरच्या कर्ण्यांसाठीं ठीक आहे. आत्याबाईंची कुजबूज कोणत्या डेसिबलांत मोजावी? शिवाय मोबाइलवर चाललेलें एकतर्फी बोलणें समोरासमोरच्या गप्पांहूनहि अधिक लक्ष वेधतें, असें २०१० सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत दिसून आलें. दुसरी बाजू ऐकूं येत नसल्यानें पुढें काय होणार, याचा अंदाज मन बांधीत बसतें.

यावर उत्तर ठरलेलें असतें: “सवय होईल.” नील वाइन्स्टाइन या संशोधकानें १९७८ सालीं महाविद्यालयीन वसतिगृहांतील विद्यार्थ्यांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुळांतच आवाजाविषयीं हळवे असलेले विद्यार्थी वर्षअखेर निर्ढावले नव्हते. उलट त्यांचा त्रास वाढला होता. हा हळवेपणा प्रत्येकाच्या ठिकाणीं कमीअधिक असतो. ज्या सासूबाईंनीं आयुष्यभर गप्पांच्या कल्लोळांत शेंगा सोलल्या आणि पोळ्या लाटल्या त्यांना तो समजत नाहीं, याचें एक कारण असें कीं, हातांना सवयीच्या झालेल्या कामाला क्रम घोकावा लागत नाहीं. हिशेब तपासण्यास किंवा परीक्षेच्या अभ्यासास तो लागतो.

मग संपूर्ण शांतता निर्माण करावी काय? कार्लाइलनें तें करून पाहिलें. शेजारचे कोंबडे आणि पियानो यांना कंटाळून त्यानें १८५३-५४ सालीं लंडनमधील चेल्सी येथील आपल्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, वरून उजेड घेणारी खोली बांधविली. खर्च झाला, पण हवी ती शांतता कांहीं लाभली नाहीं.

याहून ग्लास आणि सिंगर यांच्या १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतील युक्ति मला अधिक शहाणपणाची वाटते. गोंगाट ऐकावयास बसविलेल्या कांहीं जणांना “फारच असह्य झालें तर हें बटण दाबा, आवाज थांबेल” असें सांगितलें होतें. बहुतेकांनीं तें दाबलेंच नाहीं. तरी पुढच्या कामांत, बटण नसलेल्यांपेक्षां ते अधिक चिकाटीनें टिकले आणि त्यांच्या चुकाहि कमी झाल्या.

आपल्या घरांत हें बटण कोणाच्या हातीं असतें? दहावीच्या मुलासाठीं दूरदर्शनसंच बंद होतो, थोरल्या चिरंजीवांच्या कचेरीच्या बैठकीसाठीं सारें घर चवड्यांवर चालतें. स्पर्धापरीक्षेची पुस्तकें स्वयंपाकघरांतील टेबलाच्या कोपऱ्यावर उघडून, मिक्सरच्या दोन फेऱ्यांमधें वाचणाऱ्या सुनेसाठीं असें कांहीं झालेलें फारसें पाहण्यांत येत नाहीं. ती तक्रारहि करीत नाहीं, आणि निकाल लागला कीं “हिचें लक्षच नव्हतें” असा शेरा मिळतो.

दोन खोल्यांच्या घरांत स्वतंत्र अभ्यासिका कोठून आणावयाची, हें मलाहि कळतें. पण संध्याकाळचे दोन तास ठरवितां येतात. त्या वेळांत फोनवरचें बोलणें गच्चींत किंवा जिन्यांत व्हावें, पाहुण्यांनीं पुढच्या खोलींत बसावें, आणि कोणाला कांहीं विचारावयाचें असलें तर तें कागदावर लिहून ठेवावें. पंखा खुशाल चालूं द्यावा. मात्र ते दोन तास कोणते, हें आजोबांनीं किंवा चिरंजीवांनीं ठरवूं नये. ज्याला आवाजाचा त्रास होतो त्यानें, आणि सूनबाईची परीक्षा असेल तर तिनें, ते स्वतःच्या हातानें दिनदर्शिकेवर लिहावे.