डावं-उजवं: पान वाढण्याबद्दलचे गैरसमज

पंगतीत पोरांना पहिलं काम मिळतं ते मीठ वाढायचं. हात भाजायची भीती नाही आणि सांडलं तरी फार नुकसान नाही. माझीही सुरुवात तिथूनच झाली. घरच्या गणपतीला समोरासमोर दोन रांगा मांडलेल्या, केळीची पानं धुऊन पुसून ठेवलेली, आणि मी वाटी घेऊन चिमूट चिमूट मीठ ठेवत निघालो. दहाबारा पानं झाल्यावर आत्याचं लक्ष गेलं. मी समोर उभा राहून माझ्या दृष्टीनं पानाच्या वरच्या कडेला मीठ वाढत होतो. प्रत्यक्षात ती जेवणाऱ्याच्या पोटाजवळची कड होती. आत्या म्हणाली, "अरे, पान तुझं नाही, जेवणाऱ्याचं. पलीकडे जाऊन बस आणि मग बघ."

पान वाढायचे बाकीचे नियम पुढे हळूहळू कळत गेले. त्यातले बहुतेक आत्याच्या या एका वाक्यातून निघतात असं आता वाटतं. मात्र सणासुदीला किंवा बारशा-वास्तुशांतीला पान वाढायची वेळ आली की नियमांइतकेच गैरसमजही वाढले जातात. त्यातले नेहमी ऐकू येणारे काही इथे घेतले आहेत.

गैरसमज १: डावी बाजू म्हणजे दुय्यम पदार्थांची बाजू.

वस्तुस्थिती: आधी मांडणी पाहू, अर्थात जेवणाऱ्याच्या बाजूनं. वरच्या कडेला मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर आणि त्याखाली पापड, कुरडई, भजी. मिठाच्या उजवीकडे सुकी भाजी, पातळ भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद आणि पुढ्यात पुरी किंवा पोळी. लोणचं आधी की चटणी आधी, यात घराघरांत फरक असतो आणि त्यानं काही बिघडत नाही.

या विभागणीत मानापमान नाही, हिशोब आहे. डावीकडचे पदार्थ चमचाभर वाढायचे आणि बोटाच्या टोकानं चाखायचे. घास एकसुरी व्हायला लागला की जिभेला जाग आणायला ते असतात. उजवीकडचे पदार्थ पोळीशी, भाताशी खायचे, पुन्हापुन्हा वाढायचे. जेवणारा उजव्या हातानं जेवतो, तेव्हा ज्याच्याकडे हात सारखा जाणार ते हाताशी हवं. केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवतात, त्यातही हाच हिशोब आहे. अरुंद भागात थोडेथोडे पदार्थ मावतात, रुंद भाग जास्त लागणाऱ्या पदार्थांना मिळतो. आणि डावी बाजू दुय्यम असती, तर 'डाव्या बाजूला काय काय केलंय?' असं जाणकार पाहुण्यानं मुद्दाम विचारलंच नसतं. स्वयंपाक करणाऱ्याची खरी हुशारी बरेचदा तिथेच दिसते.

गैरसमज २: ही मांडणी प्राचीन शास्त्रात जशीच्या तशी सांगितली आहे.

वस्तुस्थिती: पान कसं मांडावं याचा विचार प्राचीन ग्रंथांत आहे, पण तो आपल्या पानाशी जुळत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला ४६वा अध्याय अन्नपानाचा आहे. त्यात फळं, भक्ष्य पदार्थ आणि कोरडे पदार्थ जेवणाऱ्याच्या उजवीकडे ठेवायला सांगितलं आहे. सार-कढणासारखे पातळ पदार्थ, पाणी, पन्हं आणि दूध डावीकडे. गुळाचे गोड पदार्थ दोन्हींच्या मध्ये, समोर. तूप लोखंडाच्या पात्रात द्यावं आणि पेज चांदीच्या, इतक्या बारकाव्यानं हे लिहिलं आहे.

आपल्या पानात आमटीची वाटी उजवीकडे असते, म्हणजे सुश्रुताच्या नेमकी उलट. तेव्हा कुणी 'शास्त्रात असंच आहे' म्हणालं, तर कोणत्या शास्त्रात ते विचारायला हरकत नाही. आज आपण वाढतो ते पान रूढीनं घडलेलं आहे. रूढीतही शहाणपण असू शकतं, त्यासाठी तिला ग्रंथाचा आधार जोडायची गरज नाही. एका बाबतीत मात्र सुश्रुत आजही पटतो. पाणी डावीकडे. उजवा हात खरकटा असतो, त्यामुळे भांडं उचलायला डावाच हात मोकळा असतो.

गैरसमज ३: पानातले पदार्थ तरी हजारो वर्षांचे आहेत.

वस्तुस्थिती: लग्नातलं साग्रसंगीत पान डोळ्यांसमोर आणा. बटाट्याची पिवळी भाजी, मसालेभातातले काजू, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट, टोमॅटोचं सार आणि जवळजवळ प्रत्येक पदार्थात मिरची. बटाटा, काजू, शेंगदाणा, टोमॅटो आणि मिरची ही पाचही मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतलं आणि त्यानंतर यातल्या गोष्टी एकेक करून आपल्याकडे येत गेल्या. टोमॅटो तर फारच उशिरा रुळला. 'बटाटा' हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडूनच घेतला. मिरची येण्याआधी तिखटाचं काम मिरी आणि पिंपळी करत होत्या.

म्हणजे आपण ज्याला अस्सल पारंपरिक पान म्हणतो, त्यात परदेशी पाहुणे कधीचे मांडी घालून बसले आहेत. परंपरेनं त्यांना जागा करून दिली. मग आज कुणी कोशिंबिरीच्या जागी मोड आलेल्या मुगाचं सॅलड वाढलं, तर पान बाटत नाही.

गैरसमज ४: गोड शेवटी वाढायचं.

वस्तुस्थिती: गोड शेवटी, ही युरोपीय जेवणाची रीत हॉटेलांमधून आपल्या अंगवळणी पडली. मराठी पंगतीत पक्वान्न जेवणाच्या ऐन मध्यावर येतं. पुरणपोळीला दूध-तुपाची जोड असते आणि शेजारी तिखट कटाची आमटी हवी. जिलबी मठ्ठ्याबरोबर रंगते. श्रीखंड पुरीशी खायचं असतं. आंबट-तिखटाच्या सोबतीनं खायचे हे पदार्थ हात धुवायच्या आधी एकटेच वाटीत आणून दिले, तर त्यांची अर्धी चव जाते. जेवणाचा शेवट होतो ताकभातानं किंवा दहीभातानं. सुश्रुतानं तर मधुर रस सुरुवातीला, आंबट-खारट मध्ये आणि बाकीचे रस नंतर, असा क्रम सांगितला आहे. गोड शेवटी असावं असं तोही म्हणत नाही.

गैरसमज ५: जितक्या वाट्या जास्त, तितकं ताट भारदस्त.

वस्तुस्थिती: पळसाच्या पत्रावळीवर वाट्या नसत. फार तर शेजारी एखादा द्रोण असे. त्यामुळे स्वयंपाकही त्या बेतानं होई. भाजी अंगाबरोबर रस असलेली, कोशिंबीर पाणी न सुटलेली, चटणी घट्ट. ताटाच्या कडेनं सात-आठ वाट्यांचं रिंगण करायची पद्धत हॉटेलच्या थाळीनं फार फोफावली. तिथे ती सोयीची आहे, पण घरी तिची नक्कल केली की पोळीला जागा उरत नाही आणि भात नेमका कुठे घ्यायचा हा प्रश्न पडतो. वाहून शेजारच्या पदार्थात जाईल तेवढंच वाटीत घालावं. आमटी, खीर, मठ्ठा यांना वाटी हवीच. सुक्या भाजीला, चटणीला आणि कोशिंबिरीला ती लागत नाही. कोशिंबिरीला वाटी लागतेय असं वाटलं, तर तिला पाणी सुटलंय असं समजावं आणि दही वाढायच्या वेळी घालावं.

गैरसमज ६: सगळं पान भरून ठेवायचं आणि मग पाहुण्यांना बसवायचं.

वस्तुस्थिती: फोटोसाठी हे ठीक आहे, जेवणासाठी नाही. पंगतीत आधी मीठ, मग डावी बाजू, मग भाज्या वाढतात. या पदार्थांना थोडं थांबायला हरकत नसते. भात मात्र मंडळी पाटावर बसल्यानंतर.

मूद पाडणं हे एक छोटं कसबच आहे. वाटीला आतून पाण्याचा किंवा तुपाचा हात लावायचा, गरम भात जरासा दाबून भरायचा आणि वाटी पानावर उपडी करून एक टिचकी मारायची. फार दाबला तर भाताचा गोळा होतो, सैल राहिला तर मूद पडल्याबरोबर ढासळते. मग ओगराळ्यानं वरण घालायचं तेही मुदीच्या माथ्यावर हलक्या हातानं, म्हणजे ते खाली ओघळून भाजीत शिरत नाही. शेवटी त्यावर तुपाची धार. या तुपाला 'अन्नशुद्धी' असा शब्द आहे. अन्नशुद्धी वाढून झाली की पंगत जेवायला मोकळी. तोवर कुणी हात घालत नाही, त्यामुळे रांगेतल्या पहिल्याची आणि शेवटच्याची सुरुवात एकदमच होते.

यानंतर पोळी-भाजी, पक्वान्न, मसालेभात आणि अखेरीस ताकभात. म्हणजे पान एकदाच मांडून संपत नाही, जेवण होईपर्यंत ते भरत आणि रिकामं होत राहतं. पहिल्या वाढीला प्रत्येक पदार्थ थोडाच वाढायचा याचं कारण हेच.

गैरसमज ७: हीच 'महाराष्ट्राची' पद्धत.

वस्तुस्थिती: वर सांगितलेलं पान प्रामुख्यानं पुण्या-कोकणाकडच्या ब्राह्मणी आणि शहरी पांढरपेशा घरांत घडलेलं आहे. पाककृतींच्या पुस्तकांमुळे ते सगळीकडे पोचलं आणि तेवढंच 'मराठी पान' मानलं जाऊ लागलं. पण खानदेशातल्या पंगतीत पत्रावळीवर बट्टी कुस्करून तिच्यावर वरण आणि तूप ओततात, सोबत वांग्याची भाजी असते. तिथे डाव्या-उजव्यापेक्षा वरणाला बांध घालणं महत्त्वाचं. कोल्हापूरच्या ताटात सुकं मटण असतं, तांबडा आणि पांढरा रस्सा वाट्यांत असतो, आणि त्या वाट्या सारख्या भरत राहणं म्हणजे आग्रह. मालवणी ताटात भात आणि माशाची कढी मध्ये आणि सोलकढी हाताशी हवी. शेतात तर भाकरीच ताट होते. तळहातावर भाकरी, भाकरीवर पिठलं आणि ठेचा, दुसऱ्या हातात बुक्कीनं फोडलेला कांदा. यातली कुठलीच मांडणी दुसरीहून कमी 'नीट' नाही. प्रत्येक मांडणी आपल्या पदार्थांना साजेशी आहे.

गैरसमज ८: डायनिंग टेबल म्हटलं की काटे, सुऱ्या आणि घड्या घातलेले रुमाल हवेतच.

वस्तुस्थिती: युरोपीय टेबलाची मांडणीसुद्धा हातावरच बेतलेली आहे. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि सुरीची धार बशीच्या बाजूला. एकामागून एक पदार्थ आणून वाढायची रशियन पद्धत १९व्या शतकात पश्चिम युरोपात रूढ झाली. काटे-चमचे बाहेरून आत क्रमानं वापरायची शिस्त त्या पद्धतीला सोयीची पडली. तिथलाही साधा नियम असा, की जे वापरलं जाणार नाही ते टेबलावर मांडू नये. मराठी जेवणात सुरीनं कापायचं काही नसतं, मग सुरी कशाला? ताट, उजवीकडे एक चमचा आणि डावीकडे पाण्याचं भांडं एवढं पुरतं. माणशी साधारण ६० सेंटीमीटर रुंदीची जागा ठेवली की कोपराला कोपर लागत नाही. टेबलाच्या मध्यावर फुलदाणीपेक्षा तुपाची वाटी आणि पोळ्यांचा डबा जास्त उपयोगी पडतो.

आता उरतो एक नियम, जो मांडणीच्या कुठल्याच चित्रात दिसत नाही. पंगतीत एकाला तूप ओतायचं आणि दुसऱ्याला थेंब दाखवायचा, याला मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा खास शब्द आहे, आणि तो कधीच चांगल्या अर्थानं वापरला जात नाही. आपल्या पंगतींचा इतिहास या बाबतीत निर्मळ नाही. कोणी कोणत्या पंक्तीला बसायचं हे पिढ्यान्‌पिढ्या जात ठरवत आली आणि बायका सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं घेऊन बसत. लिंबाची फोड जागच्या जागी आहे, पण वाढणारीला गरम भात मिळत नाही, असं पान नीट वाढलेलं म्हणता येणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी पानं मांडून झाली की कुठल्याही एका पानावर दोन मिनिटं स्वतः बसून बघा. हात कुठे पोचतो, वाटी कुठे आडवी येते, पाणी कुठल्या हातानं घ्यावं लागतं, सगळं लगेच कळतं. पाहुणा डावखुरा असेल तर त्याचं पान खुशाल उलटं वाढा. आणि वाढणाऱ्यांची पानं आधीच मोजून बाजूला ठेवा.