वैद्यकीय प्रतिमांचे निदान आणि पडद्याची गुणवत्ता : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर सुमारे शतकभर वैद्यकीय प्रतिमा फिल्मवर उमटत असे आणि ती प्रकाशपेटीवर लावून पाहिली जाई. पुढे फिल्मची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. क्ष-किरण यंत्राच्या क्षमतेची चर्चा सर्वत्र होते. डॉक्टर अखेरीस ज्यावर प्रतिमा पाहतात त्या पडद्याची मात्र क्वचितच होते.

१ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. अक्राणी, अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांतून तज्ज्ञापर्यंत रुग्ण नेण्यापेक्षा त्याची प्रतिमा पाठविणे सोपे असते. क्षयाच्या आरंभी फुप्फुसात दिसणारी फिकट छाया किंवा सिकलसेलग्रस्ताच्या खुब्यातील हाडाचा सूक्ष्म बदल हा शेजारच्या भागापेक्षा एखाद-दुसऱ्या करड्या छटेनेच वेगळा असतो. पडद्याने ती छटा गिळली, तर तज्ज्ञाचे ज्ञान तेथे उपयोगी पडत नाही.

करड्या छटांचे गणित :
डिजिटल क्ष-किरण यंत्र साधारणतः १२ ते १४ बिटांत, म्हणजे ४,०९६ ते १६,३८४ पातळ्यांत माहिती नोंदविते. सामान्य पडदा ८ बिटांचा, अर्थात २५६ पातळ्यांचा असतो. उजेड व छटांची व्याप्ती कमी-जास्त करून डॉक्टर ही उणीव बरीचशी भरून काढू शकतात. परंतु मोबाइलवर पडद्याचे छायाचित्र काढून पाठविल्यास ती सोयही उरत नाही. मूळ माहिती तेथेच गमावलेली असते.

मानवी डोळा अंधाऱ्या व उजळ भागांतील फरक सारख्याच क्षमतेने ओळखत नाही. म्हणून ‘डायकॉम’ मानकाच्या चौदाव्या भागात करड्या छटांचा एक प्रमाण वक्र दिला आहे. त्यात ०.०५ ते ४,००० कँडेला प्रति चौरस मीटर या तेजस्वितेच्या कक्षेत डोळ्याला जेमतेम ओळखता येतील अशा १,०२३ पायऱ्या गृहीत आहेत. घरगुती पडदे या वक्रानुसार जुळविलेले नसतात. निदानाच्या पडद्याची कमाल तेजस्विता किमान ३५० आणि स्तनचित्रणासाठी ४२० कँडेला प्रति चौरस मीटर असावी, अशी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे.

तथापि महागडा पडदा घेतला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. समजा, पडद्यावरील दोन गडद छटा ०.५० आणि ०.५५ कँडेलाच्या आहेत. फरक १० टक्के. खिडकीतील उन्हाचे प्रतिबिंब दोहोंत २ कँडेलांची भर घालते. आता त्या २.५० आणि २.५५ झाल्या, फरक २ टक्क्यांवर आला आणि डोळ्याला तो जेमतेमच जाणवेल. आपल्याकडील उन्हाळ्याचा विचार करता पडद्याआधी खिडकीला जाड पडदा लावणे, हा प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत स्वस्त उपाय होय. मागील दिव्याचा प्रकाश वापराने मंदावतो, हेही विसरता कामा नये.

तपासणीही अवघड नाही. अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २००५ च्या अहवालातील चाचणीचित्रात काळ्या चौकोनात ५ टक्क्यांचा आणि पांढऱ्या चौकोनात ९५ टक्क्यांचा लहान चौकोन असतो. दोन्ही दिसले पाहिजेत. पदवी वर्गाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत ही चाचणी अर्ध्या तासात होते. महाविद्यालयाच्या प्रोजेक्टरवर ती आधी करून पाहावी, म्हणजे गडद चौकोन कसा नाहीसा होतो ते विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसेल.