उशाशी एक वही

रुग्णालयात पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला सारे सांगून जाते. घरी ब्युरोची दिवसाची मावशी सातला निघते, रात्रीची साडेसातला येते. दोघींची गाठच पडत नाही. मग निरोप कोण देणार?

घरी जाऊन शुश्रूषा करण्याची संघटित पद्धत जुनी आहे. १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला गरिबांच्या घरोघरी पाठवले. पुढे शिकलेल्या परिचारिका मिळेनात, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने तिथे प्रशिक्षण शाळा निघाली. म्हणजे आधी शिक्षण, मग नेमणूक. ही पहिली चांगली रीत.

दुसरी रीत वहीची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचेशी जखमा होतात. कूस कधी बदलली, गोळी कोणती दिली, कातडी कशी दिसली, हे वेळ घालून लिहायचे. अम्मींच्या आजारपणात आमच्या वहीत एका रात्री ‘टाच लाल’ एवढेच लिहिलेले होते. सकाळच्या मावशीने ते वाचून टाच उशीवर अधांतरी ठेवली, जखम टळली.

म्हणून ब्युरोला पगाराआधी विचारा: बाईंना कुठे शिकवले, आणि वही कोण तपासते?