जलविमान-स्पर्धा, जर्मन
पाण्यावरून उड्डाण करून पाण्यावरच उतरणाऱ्या विमानांची बाल्टिक किनाऱ्यावरील वार्नेम्युंडे येथे झालेली स्पर्धा (१९२६). तेथेच १९१४ मध्ये योजलेली स्पर्धा पहिल्या महायुद्धामुळे बारगळली होती. व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीस लष्करी व नाविक विमानदल ठेवण्यास मनाई केली. त्यामुळे स्पर्धेचे नागरी स्वरूप सोयीचे ठरले. प्रत्यक्षात तिला नौदलाचे गुप्त साहाय्य होते. एर्न्स्ट हाइंकेल याने युद्धकाळात ‘डब्ल्यू २९’ या लढाऊ जलविमानाचा अभिकल्प तयार केला होता. १९२२ मध्ये त्याने वार्नेम्युंडे येथेच कारखाना काढला. चाकांऐवजी दोन पोकळ तरंगक असलेल्या त्याच्या ‘एचई ५’ या एकपंखी विमानाने, व्होल्फगांग फोन ग्रोनाऊ याच्या सारथ्याखाली, स्पर्धा जिंकली. त्याच्या बांधणीत ‘डब्ल्यू २९’ चा वारसा उघड दिसतो. पुढे स्वीडनच्या हवाई दलाने ‘एचई ५’ टेहळणीसाठी स्वीकारले.