बहिऱ्या चित्रकाराने ऐकलेला आक्रोश

स्पेनमधल्या फुएन्देतोदोस या खेड्यात १७४६ साली जन्मलेला फ्रान्सिस्को गोया राजदरबाराचा चित्रकार झाला. पुढे एका दुखण्यात तो ठार बहिरा झाला. पण कान मिटले तसे डोळे अधिकच उघडले!

१८०८ साली नेपोलियनच्या सैन्याने बंड करून उठलेल्या माद्रिदकरांना गोळ्या घातल्या. गोयाने तो प्रसंग १८१४ साली रंगविला. कंदिलाच्या उजेडात पांढऱ्या सदऱ्यातला एक साधा माणूस हात पसरून उभा आहे. मारणाऱ्यांचे चेहरे मात्र दिसत नाहीत. युद्धचित्रे बहुधा सेनापतींचे पोवाडे गात. गोयाने मरणाऱ्यालाच नायक केले. माने आणि पिकासो पुढे याच वाटेने गेले.

दरबाराचे मीठ खाल्लेल्या या कलावंताने इमान राखले ते माणुसकीशी!